जमशेटजी टाटा आणि लोखंडाचा शोध

सौंसरच्या परिसरातील काळा, जड दगड आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिलाच असेल. हे मँगनीज. पोलाद कणखर होण्यास ते लागते. भूगर्भशास्त्रज्ञांनी तर येथील खडकांस ‘सौंसर समूह’ असे नावच दिले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मध्यप्रांतातील हा दगड आगगाडीने बंदरास जाई व विलायतेच्या भट्ट्यांत पडे. दगड येथला, घाम येथला, पोलाद मात्र परक्याचे! ही स्थिती ज्यांस असह्य झाली, त्यांत जमशेटजी टाटा अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म 3 मार्च 1839 रोजी नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण संपवून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. गिरणी काढावी ती मुंबईतच, असा त्या वेळच्या धनिकांचा परिपाठ होता. जमशेटजींनी नागपूर निवडले. कापूस जवळ, कोळसा वरोऱ्याचा, मालाला रेल्वे, असा त्यांचा हिशेब होता. 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. पांढुर्ण्याच्या कापसाच्या रानांपासून ती फार दूर नव्हती. कामगारांसाठी त्यांनी 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभारला व 1895 पासून अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला. त्या काळी हे नवलच होते.

1882 मध्ये चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजावरचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. खनिज उत्कृष्ट होते, परंतु वरोऱ्याच्या कोळशाचा भट्टीजोगा कोक होत नव्हता. त्यात खाणींचे सरकारी नियमही जाचक. विषय तेथेच थांबला, परंतु जमशेटजींच्या मनातून तो गेला नाही. 1899 मध्ये नियम सैल झाले, तेव्हा ते साठीस पोहोचले होते. तरीही 1902 मध्ये ते अमेरिकेस जाऊन पोलादतज्ज्ञांस भेटले. त्याच वर्षी पुत्र दोराबजी यांस पाठविलेल्या पत्रात त्यांनी भट्टीविषयी नव्हे, तर कामगारांच्या गावाविषयी लिहिले: रस्ते रुंद असावेत, झाडे सावलीची असावीत, मैदाने मोकळी असावीत, मंदिर, मशीद व चर्च यांस जागा असावी. अजून खाणीचा पत्ता नव्हता, तोच ही चिंता! आम्हांस या पत्राचे मोल त्यांच्या सर्व संपत्तीहून अधिक वाटते.

दोराबजींनी अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांच्यासह चांद्याची जंगले तुडविली. लोखंड होते, पण विखुरलेले. ही निराशा कळविण्यास ते नागपूरच्या सरकारी कचेरीत गेले असता, वाट पाहता पाहता समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथील नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण होती. दल्ली-राजहऱ्याचा तो डोंगर जवळजवळ लोखंडाचाच निघाला. मात्र योग्य कोळसा व पाणी जवळ नव्हते. त्या भागाची पाहणी पूर्वी केलेले भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनीच 24 फेब्रुवारी 1904 च्या पत्राने मयूरभंजातील खनिजाची वार्ता जमशेटजींस दिली. तेथून झरियाचा कोळसा आवाक्यात होता. परंतु 19 मे 1904 रोजी जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. बावीस वर्षे ध्यास घेतलेले लोखंड त्यांनी पाहिले नाही.

1907 मध्ये कंपनी स्थापन झाली. लंडनच्या सावकारांनी हात आखडता घेतला, तेव्हा तीन आठवड्यांत सुमारे 8,000 भारतीयांनी भांडवल पुरविले. 16 फेब्रुवारी 1912 रोजी साकची येथे पोलादाचा पहिला ठोकळा निघाला. तेच पुढे जमशेदपूर झाले. त्या नगरीखाली मूळच्या आदिवासींची शेते गेली, हेही सांगितले पाहिजे. विज्ञानसंस्थेसाठी जमशेटजींनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली होती; ती बंगलोरची संस्थाही 1909 मध्ये, त्यांच्या पश्चातच, उभी राहिली.

नागपूरच्या नकाशावरचा दुर्गचा डोंगर मात्र आणखी अर्धे शतक तसाच पडून होता. 1959 मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हा त्याचे लोखंड वितळू लागले.