उघड्या दाराची खोली

आमचे घर दोन खोल्यांचे, माणसे सहा. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे वस्तीतल्या कुणाचा अर्ज असो, बँकेचा कागद असो, सगळे माझ्याकडेच येतात. गेल्या वर्षी परीक्षेच्या आधी वैतागून मी दाराला आतून कडी लावली. शेजारच्या आजी निराधार योजनेचा कागद घेऊन आल्या होत्या. त्यांनी दोनदा दार वाजवले. मी उठले नाही. तासाभराने दार उघडले, तर आजी पायरीवरच बसलेल्या. त्या रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागले.

त्याच आठवड्यात मी ग्रंथालयातून पंडिता रमाबाईंचे चरित्र आणले होते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, लोकांचा विरोध पत्करला आणि रानात घर केले. आईने तीच विद्या रमाबाईंना दिली. पुढे तीर्थयात्रेच्या वणवणीत दुष्काळाने आईवडील आणि बहीण गेली. उरलेली दोघे बहीणभाऊ पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ साली पतीही गेले. चोविसाव्या वर्षी पदरात एक लहान मुलगी आणि विधवेचे जिणे.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथील ख्रिस्ती भगिनी मायेने वागवतात, हे त्यांनी लंडनमध्ये पाहिले. शेजारधर्माचे असे रूप त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. तिथे रमाबाई स्वतःच्या खोलीत बायबल वाचीत, प्रार्थना करीत. मात्र खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ साली सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांच्यासारखे मोठे लोक दूर झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पालकांची भीती मला समजते. विश्वासाने ठेवलेली मुलगी धर्म बदलील, असे त्यांना वाटले. पण रमाबाईंची अडचणही समजते. मुली आईसारखे मानतात, तर त्यांच्या तोंडावर दार लावायचे कसे?

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, मुक्ती सदन उभे केले. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि वस्ती हजाराच्या वर गेली.

एवढ्या गर्दीत एकांत कुठला? पण रमाबाईंनी तो काढला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर एकटीने केले. कमी शिकलेल्या बाईलाही समजावी अशी सोपी भाषा त्यांना हवी होती. खिळे जुळवणे, छपाई ही कामे मुक्तीतल्याच मुलींनी शिकून केली. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंना ऐकूही कमी येत असे. तरी काम थांबले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

पुस्तक मिटले तेव्हा मला एक गोष्ट उमगली. रमाबाई एकट्या बसत, पण ज्यांच्यासाठी बसत त्या बायका त्यांच्या मनात असत. माझ्या कडीमागे मात्र मी एकटीच होते, माझ्या गुणांसह.

मी ख्रिस्ती नाही आणि रमाबाईंएवढी सहनशक्तीही माझ्यात नाही. हल्ली मी पहाटे चारला उठून वाचते. तेव्हा कुणी येत नाही. संध्याकाळी दार उघडे असते. कधी कधी अजूनही चिडचीड होते. आजींचा कागद मात्र मी भरून दिला. आता त्या आल्या की पायरीवर बसत नाहीत, आत येऊन बसतात.

— द्वितीय वर्ष, कला