एक ना धड, भाराभर चिंध्या? – दादासाहेब फाळके यांच्या जीवनातून कामाची ओळख



आपल्याकडे एक म्हण आहे – एक ना धड, भाराभर चिंध्या. एखादा माणूस आज हे काम, उद्या ते काम करायला लागला की घरातली मोठी माणसं ही म्हण हमखास वापरतात. चांगली नोकरी सोडून कोणी धंदा काढला, किंवा धंदा बंद करून कोणी पुन्हा नोकरी धरली, की त्याच्याबद्दल चार लोक चार तोंडांनी बोलतात. काम बदलणारा माणूस म्हणजे अस्थिर माणूस, असं आपण गृहीतच धरतो.

आता एका माणसाचा विचार करा. तो चित्रकला शिकला, मग फोटोग्राफर झाला. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकला. सरकारी नोकरी लागली, ती सोडली. छापखाना काढला, तोही सोडला. वयाची चाळिशी उलटली तेव्हा त्याच्या हातात ना नोकरी होती ना धंदा. अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल?

या माणसाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच दादासाहेब फाळके. आज त्यांचं जीवन आपण एका वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. त्यांनी कोणकोणती कामं केली, ती का सोडली आणि त्या कामांना समाजात किती मान होता, हे समजून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

दादासाहेबांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर इथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. पुढे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. शास्त्र्याच्या घरातल्या मुलाने शास्त्रीच व्हावं, अशी त्या काळची रीत. पण धुंडिराजाचा ओढा चित्रांकडे होता. 1885 मध्ये त्याने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. नंतर तो बडोद्याला मोठ्या भावाकडे गेला आणि तिथल्या कलाभवनात शिकला. चित्रकला, मूर्ती घडवणं, फोटो काढणं, फोटो धुणं, छपाईचे ठसे बनवणं, जे मिळेल ते शिकून घेतलं.

एकामागून एक कामं

शिक्षण झाल्यावर दादासाहेबांनी गुजरातमधल्या गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. पण 1900 च्या सुमारास प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. घरच उद्ध्वस्त झालं. ते पुन्हा बडोद्याला आले आणि तिथे फोटोग्राफी करू लागले. पण फोटो काढला की माणसाची शक्ती जाते, आयुष्य कमी होतं, अशी भीती तेव्हा लोकांच्या मनात होती. गिऱ्हाईकच येईना. मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले. त्याच काळात बडोद्याला आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखीचे खेळ शिकले.

1902 मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं सासरचं नाव सरस्वती. 1903 मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली. आरेखक म्हणजे जुन्या वास्तूंची मोजमापाने चित्रं काढणारा. सरकारी नोकरी, दरमहा पगार! आजच्यासारखीच तेव्हाही अशी नोकरी म्हणजे मोठी गोष्ट होती. पण 1905 मध्ये बंगालची फाळणी झाली आणि देशभर स्वदेशीचं वारं सुटलं. आपल्या देशात आपले उद्योग उभे राहिले पाहिजेत, हा विचार दादासाहेबांच्या मनात पक्का झाला. त्यांनी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. तिथे राजा रविवर्मा यांच्या प्रेसचंही काम येत असे. पुढे छापखाना मुंबईत दादरला आला, नवे भागीदार मिळाले. रंगीत छपाईची यंत्रं आणण्यासाठी दादासाहेब 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा वाढला, पण भागीदारांशी मतभेद झाले आणि दादासाहेब हात झाडून बाहेर पडले.

इथे थोडं थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक वेळी काम सोडण्याचं कारण वेगळं होतं. गोध्रा सुटलं ते दुःखामुळे. बडोद्यातला धंदा बसला तो लोकांच्या अंधश्रद्धेमुळे. सरकारी नोकरी सोडली ती विचारामुळे. छापखाना सोडला तो मतभेदामुळे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एकच दिसत होतं – या माणसाने पुन्हा काम सोडलं.

मटाराचं रोप आणि विम्याचे कागद

1911 च्या सुमारास दादासाहेबांनी गिरगावात तंबूतल्या चित्रपटगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता, पण त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या कथा असा पडदा कधी पाहणार? हा प्रश्न त्यांना झोपू देईना. त्यांनी मिळतील ती पुस्तकं वाचली, रोज चित्रपट पाहिले. या ताणाने त्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली.

मग त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि 1912 च्या सुरुवातीला लंडन गाठलं. तिथे चित्रपट कसा बनतो ते पाहिलं, कॅमेरा आणि इतर सामान मागवलं आणि परत आले.

पण भांडवल कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत मटार पेरला. कॅमेरा एका जागी ठेवून महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले. ती सगळी चित्रं सलग दाखवली तेव्हा कोंब फुटून रोप झरझर वाढताना दिसलं. ही छोटीशी फिल्म पाहून पैसे देणारी माणसं पुढे आली. आपलं काम बोलून पटवण्यापेक्षा करून दाखवावं, हे यातून शिकण्यासारखं आहे.

हरिश्चंद्राचा कारखाना

चित्रपटासाठी ‘राजा हरिश्चंद्र’ ही कथा ठरली. आता खरी अडचण आली. तारामतीचं काम करायला एकही स्त्री तयार होईना. नाटकात काम करणं हेच तेव्हा हलकं मानलं जाई, मग सिनेमाचं काय? समाज ज्यांना काहीच मान देत नव्हता अशा स्त्रियांनीही, हे काम आपल्याला शोभणारं नाही म्हणून नकार दिला, असं सांगतात. विचार करा, कामाच्या प्रतिष्ठेची उतरंड किती विचित्र असते!

शेवटी दादासाहेबांना तारामती सापडली ती ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत. तिथे साळुंके नावाचे एक तरुण आचारी होते. सडपातळ बांधा, नाजूक हात. दादासाहेबांनी त्यांना थोडा जास्त पगार देऊ केला आणि साळुंके तारामती झाले. पुढे ‘लंका दहन’ या 1917 च्या चित्रपटात याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या!

पुरुष कलाकारांचीही अडचण वेगळीच होती. सिनेमात काम करतो असं सांगितलं तर घरचे, शेजारचे नाक मुरडणार. म्हणून दादासाहेबांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं की, कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो असं सांगा. कारखाना म्हटलं की लोक गप्प बसायचे.

मुलांनो, हा प्रसंग वाचून हसू येतं. पण शाळेचा फॉर्म भरताना पालकाचा व्यवसाय या रकान्यापाशी आजही कितीतरी मुलांचा पेन अडखळतो. बाबा हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते, बाबांनी कंपनी सुटल्यावर रिक्षा घेतली, हे सांगताना आवाज बारीक होतो. आवाज बारीक करायला त्या मुलाला कोणी शिकवलं? आपणच. वर्गात कोणी मला आचारी व्हायचंय म्हणालं की बाकीचे हसतात, तेव्हा आपण त्याला हेच शिकवत असतो. शंभर वर्षांपूर्वी सिनेमात काम करणं लपवावं लागत होतं आणि आज त्याच सिनेमातल्या माणसांचे फोटो आपण वहीवर चिकटवतो. काम तेच आहे, बघणाऱ्याची नजर बदलली.

पडद्यामागच्या सरस्वतीबाई

या कारखान्यातलं सर्वांत मोठं नाव सरस्वतीबाईंचं आहे. त्यांनी अंगावरचे दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक त्या करत. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे उजेड कलाकारांच्या तोंडावर पडावा. फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागत, ते काम त्या रात्री करत. फिल्म धुण्याची रसायनं कशी मिसळायची हेही त्या शिकल्या. म्हणजे आजच्या भाषेत त्या तंत्रज्ञ होत्या. तरीही पहिल्या चित्रपटाची गोष्ट सांगताना त्यांचं नाव फार थोडे जण घेतात. घरातल्या बाईचं काम हे काम म्हणून मोजायचंच नाही, ही आपली जुनी सवय आहे.

3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून तो ओळखला जातो. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केलं आणि पडद्यावर स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या. अभिनेते विक्रम गोखले हे याच कमलाबाईंचे नातू.

चिंध्यांची गोधडी

आता सुरुवातीची म्हण पुन्हा आठवा. चित्रकला शिकले होते म्हणून दादासाहेबांना देखावे रंगवता आले. फोटोग्राफी केली होती म्हणून कॅमेरा हाताळता आला. फोटो धुण्याचं ज्ञान फिल्म धुताना उपयोगी पडलं. नाटक कंपन्यांच्या सहवासामुळे रंगभूषा, वेशभूषा ठाऊक होती. आणि जादू? कॅमेरा थांबवायचा, समोरचा माणूस बाजूला करायचा आणि कॅमेरा पुन्हा फिरवायचा. पडद्यावर माणूस अदृश्य! देवांचे चमत्कार त्यांनी अशा युक्त्यांनी दाखवले. आपल्या आजीने जुन्या कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवावी तशी ही गोष्ट आहे. तुकडे प्रत्येकाकडे असतात, पण सुईदोरा घेऊन बसायची तयारी हवी.

नाण्याची दुसरी बाजू

पण काम बदललं की यश मिळतंच, असा चुकीचा धडा घेऊ नका. 1918 मध्ये दादासाहेबांनी भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी केली. इथेही मतभेद झाले. ते सगळं सोडून सहकुटुंब काशीला गेले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. काही काळाने ते कंपनीत परतले, पण पूर्वीचे दिवस आले नाहीत. पुढे बोलपट आले आणि मूकपटाचा जमाना संपला. 1937 मधला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. सुमारे 95 चित्रपट करणाऱ्या माणसाचे शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती.

प्रत्येक बदलाची किंमत त्यांच्याबरोबर घरच्यांनीही मोजली. म्हणून काम बदलताना आपण का बदलतोय, हातात कोणतं कौशल्य आहे आणि याचा भार घरातल्या कोणावर पडणार आहे, हे तीन प्रश्न स्वतःला जरूर विचारावेत. फक्त लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यात घेऊ नये. लोकांचं मत फार लवकर बदलतं. पाहा ना, 1969 पासून भारतीय चित्रपटातला सर्वोच्च सन्मान दादासाहेबांच्याच नावाने दिला जातो.

विचार करा आणि लिहा

1. दादासाहेबांनी सरकारी नोकरी का सोडली? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?
2. कलाकारांना आपलं काम लपवून कारखान्याचं नाव का सांगावं लागलं?
3. सरस्वतीबाईंनी केलेल्या कामांची यादी करा. त्यातली कोणती कामं तुमच्या घरात कोण करतं?
4. उपक्रम : घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाला विचारा की त्यांनी आजवर कोणकोणती कामं केली आणि पहिल्या कामात शिकलेलं काय पुढच्या कामात उपयोगी पडलं. उत्तर वहीत लिहा आणि वर्गात मोठ्या आवाजात वाचून दाखवा.