थंडी, धूर आणि आनंदीबाई

मी नांदुऱ्याची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. बाहेर निघालं की आजी ओढणीच्या टोकाला कांदा बांधणार, म्हणजे ऊन लागत नाही म्हणे! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मी त्या कांद्याला खूप हसायचे. (मराठीही त्यामुळेच कच्चं, सांभाळून घ्या.) खरं काम करतं ते तिने बळजबरीने पाजलेलं पन्हं आणि डोक्यावरची ओढणी. पण उन्हात कसं राहायचं हे आजीला ठाऊक आहे, आणि थंडीच्या देशात आनंदीबाई जोशींना हे सांगणारी आजी नव्हती.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्यातूनच डॉक्टर व्हायचं ठरलं. कलकत्त्यात असतानाच डोकेदुखी, ताप, अशक्तपणा मागे लागला होता. तरी एप्रिल १८८३ मध्ये त्या गोपाळरावांशिवाय बोटीत बसल्या. वय १८! मी अठराव्या वर्षी होस्टेलला आले तर आठवडाभर रडत होते.

फिलाडेल्फियात जानेवारीत पारा शून्याखाली जातो. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. पण परदेशी पोशाख नाही आणि मांसाहारही नाही. त्यात खोलीतली शेकोटी धड नव्हती. आम्ही मेकॅनिकलवाले हे सहज समजू शकतो : धुरांडं थंड असलं की धूर वर ओढला जात नाही, उलटा खोलीत येतो. म्हणजे पेटवली तर धूर, विझवली तर गारठा. अशा खोलीत त्यांनी मेडिकलचा अभ्यास केला.

लोक म्हणतात, तिथल्या थंडीने त्यांना क्षय झाला. ते तितकंसं बरोबर नाही. क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच, म्हणजे त्या निघण्याच्या आदल्याच वर्षी दाखवलं होतं. पण धूर, बंद खोली आणि अपुरं खाणं यांनी शरीर खचलं की त्या जंतूला रान मोकळं मिळतं. त्यावर लागू पडणारं औषध यायला मात्र १९४० चं दशक उजाडावं लागलं.

११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नोकरीही ठरली होती. वर्षअखेरीस त्या परतल्या तेव्हा आजार फार पुढे गेला होता, आपल्याकडची ऊब आता काय करणार? २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना बाकी होता. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही.

त्यांची रक्षा अमेरिकेतल्या कार्पेंटर मावशींकडे पाठवली गेली. त्यांनी ती पोकिप्सी गावी आपल्या घरच्यांच्या कबरींजवळ पुरली. तिथेही हिवाळ्यात बर्फ पडतो.