राम जोशी : डफाचा कवी, तबकडीवरचा आवाज

‘राजकमल’चा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट १९४७ साली प्रदर्शित झाला, तेव्हा ज्या कवीचे हे चरित्र त्याला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. दिग्दर्शन बाबुराव पेंटर व व्ही. शांताराम यांचे, गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचे. रामजोशींची सौंदर्यवर्णनाची मूळ लावणी जयराम शिलेदारांच्या गळ्यातून तबकडीवर आली आणि घरोघर पोहोचली. ज्या घरांत तमाशाचे नावही निघत नसे, तेथेही ती ऐकली गेली. आज मराठी रसिकाच्या कानात राम जोशी म्हणून जो आवाज आहे, तो शिलेदारांचा आहे. खऱ्या राम जोशींचा आवाज कसा होता, हे सांगणारे काहीही मागे उरलेले नाही.

राम जगन्नाथ जोशी यांचा जन्म अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातील एका वैदिक घराण्यात झाला. जन्मसालाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. वडील बंधू मुद्गल हे विद्वान पुराणिक, गावात मान असलेले. धाकट्याने त्याच वाटेने जावे अशी घराची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु रामाचे कान पोथीपेक्षा डफाकडे लागलेले. सोलापुरात धोंडी शाहिराचा फड होता. तेथे हा ब्राह्मणाचा पोर जाऊन बसू लागला, पुढे धोंडीसाठी लावण्याही रचू लागला. पेशवाईतील कर्मठ समाजात ही साधी खोडी नव्हती. त्यात कुळाची अब्रू, भावाची वृत्ती आणि पंक्तीतला पाट असे सारेच पणाला लागत असे. थोरल्या भावाने त्यांना घराबाहेर काढले. त्याला कठोर म्हणावे, तर त्या काळी याहून वेगळे वागणारा भाऊ विरळाच सापडला असता.

तरुण राम पंढरपूरला गेला. येथे कथेला अनपेक्षित वळण मिळते. घराबाहेर पडलेला हा मुलगा थेट फडात जाऊन स्थिरावला नाही. त्याने पंढरपुरात राहून संस्कृताचे कसून अध्ययन केले. परतला तो शास्त्र आणि काव्य पचवलेला पंडित होऊन. कीर्तन-पुराणे सांगून सुखाने जगता आले असते. तरीही त्याने पुन्हा डफ हाती घेतला.

या दुहेरी शिक्षणातच राम जोशींच्या लावणीचे रहस्य आहे. होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर हे त्यांच्या मागेपुढे झालेले शाहीर आपापल्या परीने थोरच. पण अनुप्रास आणि यमकांचा असा खळाळ इतरत्र क्वचितच आढळतो. संस्कृत पंडिताची शब्दसंपत्ती त्यांनी ढोलकीच्या लयीवर चढवली. सोलापूर हे तर मराठी-कानडीच्या सीमेवरचे शहर, तेथे दख्खनी हिंदुस्तानीही कानी पडे. मराठीच्या जोडीला या भाषांचा आणि संस्कृताचाही वापर त्यांनी आपल्या रचनांत केला. शृंगाराच्या लावणीइतक्याच ताकदीने दांभिक साधुत्वाला झोडपणाऱ्या उपदेशपर लावण्याही त्यांनी लिहिल्या. संस्कृतात त्यांनी ‘मदालसाचंपू’ रचला, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते.

त्यांच्या फडात बया नावाची गायिका होती, असे परंपरा सांगते. बोलपटात ही भूमिका हंसा वाडकर यांनी अजरामर केली. प्रत्यक्षातल्या बयेविषयी मात्र इतिहासाने फारच कंजुषी केली आहे. शब्द ज्याचे त्याचे नाव राहते. ते शब्द रात्रीमागून रात्र जिच्या गळ्यातून लोकांपर्यंत गेले, तिच्या वाट्याला दंतकथा येते.

मोरोपंतांच्या भेटीची आख्यायिका सर्वश्रुत आहे. बारामतीच्या या पंडित कवीला शाहिराची प्रतिभा जाणवली, त्याने कीर्तनाचा उपदेश केला आणि राम जोशींनी डफ फोडला, अशी ती कथा. अनंत फंदींच्या बाबतीत अहिल्याबाई होळकरांची अशीच गोष्ट सांगतात, तेव्हा तपशील सावधपणे घेतलेला बरा. एवढे खरे की मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकप्रिय करण्यात राम जोशींचा मोठा वाटा होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात त्यांना मानमरातबही लाभला. १८१२-१३च्या सुमारास त्यांचे निधन झाले. पाचसहा वर्षांतच पेशवाई बुडाली.

पुढे शं. तु. शाळिग्रामांनी या लावण्या ग्रंथरूपाने छापल्या. शब्द टिकले, पण छापील पानाला चाल नसते. वसंत देसाईंनी बोलपटासाठी जे संगीत उभे केले, त्यात फडातला रांगडेपणा बराच घासूनपुसून घेतलेला आहे. डफ, तुणतुणे, कडे, झीलकऱ्यांनी उंच उचललेला सूर आणि मध्येच उसळणारा प्रेक्षकांचा गलका हे रात्रभराचे द्रव्य तीनेक मिनिटांच्या तबकडीत मावणारच नव्हते. शिलेदारांचा गळा संगीत नाटकात घडलेला, तानेला सरावलेला. अस्सल लावणी ही नव्हे, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. पण लावणीला पहिली कल्हई स्वतः राम जोशींनीच केली होती. धोंडीच्या फडातल्या जुन्याजाणत्यांनाही पंढरपुराहून परतलेल्या या शाहिराचे संस्कृतप्रचुर शब्द प्रथम ऐकताना तमाशाला शोभेसे वाटले असतील का, ही शंकाच आहे.