पंडिता रमाबाई आणि कानांनी अडवलेली वाट

1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी एक मागणी ठामपणे मांडली : भारतातल्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात. पुरुष डॉक्टरसमोर बोलायचा संकोच वाटतो, म्हणून बायका दुखणी अंगावर काढतात आणि त्यात जीव जातो, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हा त्या 24 वर्षांच्या होत्या. नुकतेच वैधव्य आलेले आणि पदरी वर्षाची मनोरमा.

त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. आईच्या तोंडून ऐकून ऐकून रमाबाईंनी हजारो श्लोक पाठ केले. त्यांचे पहिले शिक्षण असे कानांवरच झाले. पुढे दुष्काळात आईवडील गेले. भावासोबत पायी देश फिरत त्या 1878 मध्ये कोलकात्यात पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, त्या स्वतः डॉक्टर व्हायचे ठरवून. पण त्यांना कमी ऐकू येत होते आणि ते वाढत चालले होते. वर्गातले व्याख्यान, रोग्याची हकीकत, छातीतले आवाज, सगळे कानांवर अवलंबून. वैद्यकीचा विचार सोडावा लागला. श्रवणयंत्रे तेव्हा नव्हतीच. फार तर कानाला लावायचे कर्णे मिळत.

रमाबाई थांबल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तिथे संस्कृत शिकवलेही. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या सोहळ्यासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणून आसरा दिला. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले.

रमाबाईंना आपली उणीव ठाऊक होती. आज घरोघरी म्हाताऱ्या माणसांचे उलट होते. ऐकू येत नाही हे कुणी तपासत नाही. आजी विसरभोळी झाली, आजोबा हेकट झाले, एवढेच म्हटले जाते. साठीनंतर चारांतल्या एकाहून अधिक माणसांना त्रासदायक बहिरेपणा असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डोके आणि मान तपासताना नर्सला यासाठी दोन मिनिटे पुरतात. हातभर अंतरावर मागे उभे राहायचे, एक कान बंद करायला सांगायचे आणि तीन आकडे कुजबुजायचे. ते नीट सांगता आले नाहीत, तर कानात आधी मळ पाहायचा. तो निघाला की पुष्कळदा ऐकू येऊ लागते. नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायचे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कानात गरम तेल घालू नये.

वाशीम, रिसोड, कारंजा कुठलेही गाव असो, दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. यंत्र मिळेपर्यंत समोर बसून, तोंडावर उजेड ठेवून, सावकाश बोलावे. ओरडल्याने शब्द कळत नाहीत, फक्त माणूस दुखावतो.