पंचवीस पौंडांचा शेरलॉक

शेरलॉक होम्सची एकही गोष्ट वाचली नाही, अशी वाचनवेडी मैत्रीण शोधून सापडायची नाही. भालबा केळकरांमुळे तर लंडनचा हा गुप्तहेर आपल्याकडे चक्क मराठी बोलू लागला. पण त्याचा जन्मदाता आर्थर कॉनन डॉयल, त्याच्या हाती होम्सच्या पहिल्या पुस्तकाचे किती पैसे पडले, ठाऊक आहे? पंचवीस पौंड. तेही एकदाच.

आर्थरचा जन्म २२ मे १८५९ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबराचा. वडील चार्ल्स हाडाचे चित्रकार, पण दारूने घात केला. शेवटची वर्षं मनोरुग्णालयात गेली. सात मुलांचा संसार ओढला तो आईने, मेरीने. घरात भाडेकरू ठेवले, काटकसर केली, पण पोराचं शिक्षण थांबू दिलं नाही. आणि गोष्टी काय सांगायची! ऐन रंगात आली की आवाज अगदी खाली आणायची, पोरांच्या अंगावर काटा यायचा. आर्थरमधला लेखक त्या स्वयंपाकघरातच घडला असं मला तरी वाटतं.

आर्थर डॉक्टर झाला. १८८२ मध्ये पोर्ट्समथजवळ साउथसीला दवाखाना थाटला. पेशंट बेताचेच, मग रिकाम्या वेळात लिहिणं. कॉलेजातले डॉ. जोसेफ बेल पेशंटकडे नुसतं बघून त्याचा धंदा, गाव सांगायचे. त्यांच्यावरून होम्स सुचला. कादंबरी दोन-तीन ठिकाणांहून परत आली. शेवटी एका प्रकाशकाने पंचवीस पौंड देऊ केले, पण सगळे हक्क कायमचे आमचे, या अटीवर. प्रतीमागे थोडे तरी द्या, असं आर्थरने विनवलं. नाही म्हणजे नाही! लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, हाती पैसा नाही. केली सही. १८८७ च्या नाताळात एका वार्षिक अंकात ती कादंबरी आली, किंमत एक शिलिंग. त्या अंकाच्या आज जगात जेमतेम तीस-पस्तीस प्रती उरल्यात आणि २००७ मध्ये त्यातल्या एकीला लिलावात दीड लाख डॉलरच्या वर भाव आला!

ही झाली कायदेशीर लूट. बेकायदा म्हणावं की नाही असा प्रश्न पडावा, ती वेगळीच. अमेरिकेत १८९१ पर्यंत परदेशी लेखकांना कायद्याचं संरक्षणच नव्हतं. तिथल्या छापखान्यांनी होम्सची सुरुवातीची पुस्तकं धडाधड छापली. लेखकाला छदाम नाही. पण या स्वस्त प्रतींनीच त्याचं नाव तिकडे घरोघरी पोचवलं, हेही खरं. १८९६ मध्ये शांघायच्या एका पत्राने होम्सची कथा चिनीत आणली. परवानगी कोण विचारतो?

इकडे आर्थरलाच होम्सचा कंटाळा आला होता. १८९१ मध्येच तो त्याला मारायला निघाला, तर आई आडवी आली. एवढंच नाही, लांब केस कापायला लावलेल्या मुलीची कल्पना सुचवून तिने लेकाला पुढची गोष्ट दिली. तरी १८९३ मध्ये त्याने होम्सला धबधब्यात ढकललंच आणि १९०३ मध्ये वाचकांच्या हट्टापायी पुन्हा जिवंत केलं.

सगळ्यात बहार केली ती जर्मन लोकांनी. १९०७ पासून बर्लिनमधून होम्सच्या नावाने दर आठवड्याला पुस्तिका निघू लागल्या. मुखपृष्ठावर भडक चित्रं, आत वॉटसनच्या जागी हॅरी टॅक्सन नावाचा पोरगा. डॉयलने त्यातली एक ओळही लिहिली नव्हती! त्याच्या जर्मन प्रकाशकाने हरकत घेतल्यावर मालिकेच्या नावातून होम्स गेला, आत मात्र तोच राहिला. असे २३० अंक निघाले. वर त्यांची स्पॅनिश, पोर्तुगीज भाषांतरं झाली. म्हणजे चोरीच्या मालाची पुन्हा विक्री.

१९३० मध्ये डॉयल गेला. पुढे हाच चोरीचा माल गोळा करणारे निघाले. न्यू मेक्सिकोतल्या जॉन बेनेट शॉ यांनी होम्सचं जे दिसेल ते जमवलं. त्यांचा संग्रह आता मिनेसोटा विद्यापीठात आहे आणि तिथे जगभरातल्या भाषांतरांनाही जागा आहे. आपण तांदळातले खडे वेचून फेकतो, संग्राहक मंडळी खडेच जपून ठेवतात.

आता एक गोष्ट आपल्या मुंबईशी नातं असलेली. शापुरजी एडलजी हे मूळ मुंबईचे पारशी, इंग्लंडात धर्मगुरू झाले. त्यांचा वकील मुलगा जॉर्ज याला गुरंढोरं कापल्याच्या आरोपावरून १९०३ मध्ये शिक्षा झाली. १९०६ मध्ये डॉयलची पहिली बायको लुइझा क्षयाने गेली, तो खचला होता. त्यातच हे प्रकरण हाती आलं. जॉर्जची नजर इतकी अधू की रात्री शेतातून वाट काढणंच अशक्य, हे त्याने ताडलं. जानेवारी १९०७ मध्ये त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिले, आणि काय केलं बघा! लेखांवर स्पष्ट छापलं की याचे हक्क राखलेले नाहीत. ज्याचं लिखाण आयुष्यभर लोकांनी फुकट छापलं, त्यानेच हे लिखाण फुकट वाटलं, कारण या वेळी ते जितक्या घरांत जाईल तितकं त्याला हवं होतं.

मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली. नुकसानभरपाई मात्र एक पैसाही नाही. सप्टेंबरात डॉयलने जीन लेकीशी दुसरं लग्न केलं, तेव्हा पाहुण्यांत जॉर्जही होता.