रेने लेनेक

डॉक्टरांची नळी छातीस टेकली नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत क्वचितच सापडेल. परंतु ती नळी ज्यांनी शोधली, त्यांनीच यकृताच्या एका जुनाट विकाराचे नामकरण केले, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

रेने लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्समधील कँपेर येथे झाला. आई लवकर निवर्तली. नांत येथील डॉक्टर काकांनी त्यांस वाढविले. १८०१ साली पॅरिसला त्यांना कोर्व्हिसार हे गुरू लाभले. रोग्याच्या अंगावर बोटांनी ठोकून ते आतील स्थिती ताडीत. फुप्फुसावर आवाज घुमतो, यकृतावर बद्द येतो. यकृत वाढले की आक्रसले, पोटात पाणी साठले काय, हे त्यावरून अजमावता येते.

१८१६ साली लेनेकांपुढे हृदयविकाराची एक तरुणी आली. शरीर स्थूल, त्यामुळे ठोकून काही कळेना. छातीस कान लावणे मर्यादेस सोडून झाले असते. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी करून तिच्यावाटे ऐकले. ठोके उघड्या कानापेक्षाही स्पष्ट आले! पुढे लाकडी नळ्या ते स्वतःच कातून तयार करीत. ते बासरीही वाजवीत. नळीशी त्यांचे सख्य जुनेच होते, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

मात्र कानाच्या साक्षीवर ते विसंबले नाहीत. रोगी दगावल्यास शवविच्छेदन करून ऐकलेले व पाहिलेले ते ताडून घेत. हीच त्यांची खरी थोरवी, असे आम्ही समजतो. जलोदर झालेल्या एका मृताचे यकृत आक्रसून नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे उरले होते आणि त्यात पिंगट दाणे भरले होते. पिंगट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी विकारास सिरोसिस म्हटले, तेही १८१९ च्या आपल्या ग्रंथातील एका तळटीपेत! ते दाणे म्हणजे नव्या गाठी, हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही, नाव टिकले.

क्षयाच्या खुणा छातीत कशा ऐकाव्यात हे त्यांनीच जगास शिकविले होते. १८२६ साली मेरियादेक या तरुण डॉक्टर आप्ताने त्याच नळीने त्यांची छाती तपासली. ऐकू आले त्यावरून निदान अवघड नव्हते. १३ ऑगस्टला, पंचेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. मृत्युपत्राने त्यांनी आपली नळी मेरियादेकास दिली.